घड्याळवाल्यांचा होकार

घड्याळवाल्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि मास्तरिणीच्या मते त्यांच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. साखर नंतर आली. आधी हा होकार आला.

चहा घेणार? हो. साखर चालेल ना? आता केलाच आहे तर चालेल. शेजारच्या फोटोवाल्याच्या नातीचा वाढदिवस आहे, केक खाणार? पोरीचं मन कशाला मोडा, द्या एक तुकडा. आणि घरी आल्यावर बायकोने विचारलं, की आज काही गोड खाल्लं नाहीत ना, तर त्यालाही हो. म्हणजे हो, नाही खाल्लं. त्या माणसाच्या तोंडून नकारही होकाराचा सदरा घालून बाहेर पडायचा.

मास्तरीण ही त्यांची बायको. ती शाळेत कधी शिकवायला गेली नव्हती. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती कापड कापायला उभी होती, आणि कापणाऱ्याला तिथे पहिल्यापासून मास्तर म्हणत. पहिल्यांदाच बाई त्या टेबलापाशी आली, तेव्हा मास्तरची मास्तरीण झाली आणि तेच नाव तिला जन्मभर चिकटलं. चाळीस थर एकावर एक रचायचे, वर खडूने खुणा करायच्या आणि कात्री चालवायची. अर्धा इंच चुकला तर चाळीस शर्ट एकदम वाया. म्हणून ती तीनदा मापायची, आणि चौथ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी मापायला लावून त्याचं चुकलेलं काढून दाखवायची. काम करताना तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत. तोंडात टाचण्या असल्या की मास्तरीण बोलत नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. शिलाईच्या बायका म्हणायच्या, देवा, तिच्या टाचण्या संपू देऊ नकोस.

त्याच कारखान्यात तिची आणि घड्याळवाल्यांची गाठ पडली. कापायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, ते बंद पडलं म्हणून मालकाने त्यांना बोलावलं. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. शिडीवर चढले, घड्याळ उतरवलं, दुपारभर त्याच्यापाशी बसले आणि चालू करून परत टांगलं. मालक त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, की पहिल्यासारखं दहा मिनिटं मागेच ठेवा, संध्याकाळी जरा काम जास्त निघतं. ते हसून म्हणाले, हो, ठेवतो की. आणि शिडीवर चढून त्यांनी घड्याळ सेकंदाबरोबर लावलं. खाली उभ्या असलेल्या तिने ते पाहिलं. मालकाने महिनाभरात तीनदा त्यांना बोलावून तेच सांगितलं. तिन्ही वेळा ते हो म्हणाले आणि तिन्ही वेळा घड्याळ बरोबरच राहिलं. शेवटी मालक थकला. चाळीस बायका त्या महिन्यापासून दहा मिनिटं लवकर घरी जायला लागल्या, आणि त्यांतली एक त्यांच्याशी लग्न करून बसली.

ही गोष्ट तिने किती जणींना किती वेळा रंगवून सांगितली असेल, त्याला गणती नाही. भांडण नाही, तंटा नाही, गोड बोलून आपलं तेच खरं करणारा नवरा मिळाला म्हणून ती तेव्हा हरखून गेली होती. त्याच गुणाशी आपल्याला म्हातारपणी झुंजावं लागेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

साखर त्यांच्या घराण्यातली. सासूबाईंना होती, त्यांच्याकडून दोन्ही मुलांना आली. थोरल्या वन्संना आणि धाकट्या घड्याळवाल्यांना. पण एकाच आईची ही दोन लेकरं म्हणजे एक दगड आणि एक लोणी. वन्सं संशयी. त्या डॉक्टरवर विश्वास ठेवत नसत, प्रयोगशाळेवर नसत, स्वतःच्या जिभेवर तर मुळीच नसत. दिवसातून चार वेळा बोट टोचायच्या आणि कुणी ताटात बटाटा वाढला तर वाढणारणीकडे असं बघायच्या, की तिने विषच घातलंय. जेवायला बोलावणारे हळूहळू कमी झाले. साखर मात्र पंधरा वर्षं जागची हलली नव्हती. डॉक्टर त्यांचं उदाहरण इतरांना द्यायचे. वन्संशी दहा मिनिटं बोललेल्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटत नसे.

घड्याळवाल्यांना अकरा वर्षं झाली होती आणि ते अकरा वर्षं सगळ्यांना हो म्हणत होते.

आता मात्र वेळ डोळ्यावर आली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजवा, म्हणजे ज्याला ते भिंग लावायचे तो. डाव्या डोळ्याने त्यांना कधी काम जमलंच नव्हतं. काट्यांच्या जागी धुकं दिसायला लागलं, तशी त्यांनी नाजूक कामं मागे टाकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून घड्याळ ठेवून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. ड्रॉवरमध्ये चिठ्ठी बांधलेली एकोणीस घड्याळं साचली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आठच्या आत आणा, मगच मी हात लावीन. आकडा होता दहा पॉइंट दोन.

मास्तरिणीने त्याच दिवशी वही आणली. शाईच्या पेनाने आणि कारखान्यातल्या लाकडी पट्टीने तिने नव्वद दिवसांची पानं आखली. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, संध्याकाळी. मापायचं नवं मशीन आणलं. घड्याळवाल्यांनी ते हातात घेतलं आणि माहितीचा कागद उघडायच्याही आधी त्याच्या कोपऱ्यातलं चिमुकलं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून लावलं. ही त्यांची जुनी खोड. कुणाच्याही घरी गेले, की भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं इकडेतिकडे असलेलं त्यांच्याच्याने बघवत नसे. यजमान पाणी आणायला आत गेला, की हे खुर्चीवर चढलेले असायचे.

पहिला आठवडा मोजणी घरीच झाली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिच्यासमोर. पहिल्या सकाळी दोनशे ब्याऐंशी. तिने विचारलं, काल रात्री काय खाल्लंत. काही नाही, म्हणाले. तिने परत विचारलं. मग कपाटातली बिस्किटं काढून टाकली, जाम काढून टाकला, आणि डबे इतक्या जोरात आपटले, की वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून डोकावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोनशे पासष्ट. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने आकडा पाहिला आणि आपलं ताट तसंच उचलून ठेवलं. तुम्हाला डोळे नको असतील तर मला जेवण नको, म्हणाली. घड्याळवाले बोट चोखत खाली बघत बसले.

आठवड्याच्या शेवटी त्यांनी स्वतःहून तोडगा काढला. सकाळी घरात घाई होते, मी मशीन दुकानात नेतो, तिथे निवांत मोजत जाईन आणि वहीत लिहीन. रोज रात्री वही तुला दाखवीन. तिला इतकं बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी या बाबतीत आपण होऊन काही सुचवलं होतं. तिने गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची मशीनसाठी पिशवी शिवली. रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांची डबी ठेवायला एक कप्पा, टोचायच्या सुयांना एक, पेनाला एक. न्यायच्या आदल्या संध्याकाळी मशीन अचानक बंद पडलं. मशीन विकणाऱ्याकडे पडून राहिलेली जुनी बॅटरी असणार. तिने नवी घातली आणि चालतंय का बघायला स्वतःचंच बोट टोचलं. सत्त्याण्णव. बॅटरी बदलल्यामुळे मशीनचं घड्याळ मात्र पुसलं गेलं होतं. एक जानेवारी, बारा वाजलेले. बटणं बारीक होती आणि दूध उतू जात होतं. हे हातात घेतील तेव्हा लावतीलच, असं म्हणून तिने ते पिशवीत टाकलं.

मग नव्वद दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाली आणि वहीत आकडे यायला लागले. एकशे अठरा. एकशे सव्वीस. जेवणानंतर एकशे एकोणपन्नास. कधीतरी एकशे त्र्याहत्तर, त्याच्यापुढे घड्याळवाल्यांच्या बारीक अक्षरात, ‘दुपारी भात जास्त झाला.’ ती वही वाचता वाचता मास्तरिणीच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उकलत गेल्या. दर पंधरा दिवसांनी ती साखरेच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळे आकडे वाचून दाखवायची. त्या म्हणायच्या, छान, मग गोळी वाढवायला नको, आहे तीच चालू ठेवा. पट्ट्यांची डबी संपली, की हे सांगायचे आणि ती नवी आणायची. तीन डब्या झाल्या. वन्संना फोन करून तिने सांगितलंसुद्धा, की तुमचा भाऊ सुधारला. पलीकडून वन्संचा आवाज आला, ‘कोण सांगतं?’

‘वही सांगते.’

‘वहीला तोंड नसतं,’ वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मास्तरीण मनात म्हणाली, बाई कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही हिला.

नव्वद दिवस भरले. रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच अहवाल घ्यायला गेली, कारण घड्याळवाल्यांना दुकान उघडायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. दहा पॉइंट सहा.

ती तिथेच भांडली. कागद दुसऱ्या कुणाचा तरी आहे, नळ्यांची अदलाबदल झाली आहे, तुमच्याकडची माणसं काय लक्ष देतात. मग तिने वही टेबलावर ठेवली आणि पानामागून पान उलटून दाखवलं. नव्वद दिवस, दोनशे सत्तर आकडे, एक चौकट रिकामी नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. म्हणाल्या, ही वही खरी असेल तर हा अहवाल शक्य नाही, आणि अहवाल मी दोनदा तपासून घेतला आहे. मशीन बिघडलं असेल. ते घेऊन या. तोवर डोळ्याची तारीख रद्द करावी लागेल.

मशीनच बिघडलं असणार. ती तरातरा दुकानाकडे निघाली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला तिला मशीन विकणाऱ्याला सुनवायची नवी वाक्यं सुचत होती.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची आठ फुटांची खोली. एका बाजूला फोटोवाला, दुसऱ्या बाजूला किल्लीवाला. आत तिन्ही भिंतींवर मिळून पन्नासेक घड्याळं, आणि सगळी एकाच वेळेला एकच वेळ दाखवणारी. घड्याळवाले फोटोवाल्याकडे गेले होते. ती काउंटरमागे गेली. निळी पिशवी ड्रॉवरमध्ये, चिठ्ठ्या बांधलेल्या एकोणीस घड्याळांच्या मागे होती. तिने मशीन काढलं आणि बटण दाबलं.

मशीनवर सव्वाचार वाजले होते. तारीख चार एप्रिल.

तिने वर पाहिलं. पन्नास घड्याळांत अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, आणि बाहेर ऑक्टोबर होता.

मग तिला सगळं एकदमच कळलं, टेबलावर कापड उलगडावं तसं. दुसऱ्याच्या घरात खुर्चीवर चढून घड्याळ लावणारा माणूस. त्याच्या हातात हे मशीन एकदा जरी आलं असतं, तरी सात तास आणि सहा महिने चुकलेलं घड्याळ त्याने तसंच ठेवलं नसतं. एकदाही नाही. पट्टी घालायच्या आधी त्याने ते लावलं असतं. तिने मागचे आकडे बघायचं बटण दाबलं. सगळ्यात शेवटचा आकडा सत्त्याण्णव. तिचा स्वतःचा. त्याच्यामागे स्वयंपाकघरातल्या त्या आठवड्याचे, दोनशे ब्याऐंशीपर्यंत. बाकी काही नाही. तीन महिने मशीन पिशवीत झोपून होतं. पट्ट्यांचा कप्पा रिकामा होता.

घड्याळवाले आले तेव्हा ती काउंटरवर मशीन ठेवून उभी होती. त्यांनी मशीन पाहिलं, आणि त्यांचा हात आपसूक त्याच्या घड्याळाकडे गेला. मग मध्येच थांबला.

‘आकडे कुठून आणलेत?’ तिने विचारलं.

ते खाली बसले. ‘खोटे नाहीत ते,’ म्हणाले.

‘अहो, कुठून आणलेत?’

भिंतीपलीकडे किल्लीवाल्याची कानस चालू होती, ती थांबली. आणि हळूहळू, एकेक काटा उपटावा तसं, सगळं बाहेर आलं. किल्लीवाल्याच्या आईला साखर. तिच्याकडे हेच मशीन. पट्ट्या परवडत नाहीत म्हणून म्हातारी चार दिवसांतून एकदा मोजायची. किल्लीवाल्याने सहज विचारलं, दादा, दोन पट्ट्या असतील का. हे कुठले नाही म्हणणार. दोन दिल्या, मग डबी दिली, मग पुढच्या दोन डब्या. किल्लीवाला भला माणूस. उपकार लक्षात ठेवून तो रोज दुकान उघडताना सांगायचा, दादा, आज आईची एकशे अठरा. दुपारी डबा खाताना सांगायचा, संध्याकाळी शटर ओढताना सांगायचा. आणि वही तर समोरच उघडी असायची.

‘मनाने एकही लिहिला नाही,’ घड्याळवाले म्हणाले. ‘सगळे मोजलेले आहेत.’

मास्तरिणीला हसावं की त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावं ते कळेना. तीन महिने ती एका परक्या म्हातारीच्या साखरेवर खूश होत होती. डॉक्टरीणबाईंनी त्या म्हातारीच्या साखरेवर नवऱ्याच्या गोळ्या ठरवल्या होत्या. ‘दुपारी भात जास्त झाला,’ तोसुद्धा त्या म्हातारीचाच भात. दारात किल्लीवाला येऊन उभा होता, हातात कानस, चेहरा पडलेला. म्हणाला, ‘वहिनी, मला वाटलं दादा स्वतःची मोजून उरलेल्या देतात.’ आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, ‘आईची मात्र एकदम कंट्रोलमध्ये आली.’

‘का?’ तिने नवऱ्याला विचारलं. ‘मला एवढंच सांगा. का?’

त्यांनी उघडा ड्रॉवर लोटून बंद केला. मग म्हणाले, ‘आकडा बघून तुझं जे तोंड होतं ना, ते माझ्याच्यानं बघवत नाही.’

ती मशीन घेऊन घरी आली.

दोन दिवस तिने त्यांच्याशी एक अक्षर काढलं नाही. भांडी घासली, पडदे धुतले, धुतलेले पडदे परत धुतले. तिला राग होता तो खोटेपणाचा, आणि त्याहून जास्त राग होता तो त्यातल्या गोडव्याचा. दुसऱ्या कुणाचा नवरा खोटं बोलला असता तर निदान आवाज चढवून बोलला असता. याच्याशी भांडायला जागाच नाही. धरायला जावं, तर हाताला सगळा कापूस. तिसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. वाटलं, वन्सं म्हणतील, मी सांगत नव्हते? त्या म्हणाल्या नाहीत.

‘माझी साखर मला घाबरते,’ वन्सं म्हणाल्या. ‘त्याची त्याला नाही घाबरत. त्याची तुला घाबरते. मग ती समोर कशाला येईल?’

‘म्हणजे मी काय करू, वन्सं? टाळ्या वाजवू तीनशेला?’

‘ते मला ठाऊक नाही. मी माझं तोंड कधी आवरलं नाही, म्हणून माझ्याकडे कुणी जेवायला येत नाही. तुला तो हवा असेल तर तू आवर.’

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. तिला कारखान्यातलं ते मोठं घड्याळ आठवलं. शिडी आठवली. खाली उभा असलेला मालक, बोट वर करून, दहा मिनिटं मागे, आणि वरून हसून आलेलं हो. आजवर ही गोष्ट आठवताना ती नेहमी टेबलापाशी, हसणाऱ्या बायकांत उभी असायची. आज पहिल्यांदाच तिला आपण मालकाच्या जागी उभ्या आहोत असं दिसलं, आणि तिचं डोकं आणखीच फिरलं. मालक तर घड्याळ खोटं लावायला सांगत होता. ती खरं सांगत होती. खरं सांगूनही माणूस त्याच जागी येऊन उभा राहतो, हा कुठला न्याय?

दुपारच्या जेवणाचा डबा दुकानात पोचवायला अजून वेळ होता, पण ती अकरालाच निघाली. मशीन आणि वही पिशवीत टाकली. काय बोलायचं ते ठरवलं होतं. एकोणीस वाक्यं होती.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. उंच, पांढऱ्या केसांच्या निवृत्त बाई. वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ त्यांनी दीड महिन्यापूर्वी दिलं होतं आणि आज त्या पाचव्यांदा आल्या होत्या. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावून ते उघडलेलं होतं. आतली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचा ते प्रयत्न करत होते. चिमटा स्प्रिंगच्या शेजारच्या हवेत मिटत होता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टोक स्प्रिंगला लागलं आणि ती किंचित वाकली. त्यांनी भिंग काढलं, डोळा पुसला, परत लावलं, परत काढलं.

मास्तरीण दारातच थांबली. तिला वाटलं, आता म्हणतील, पुढच्या आठवड्यात या.

घड्याळवाल्यांनी घड्याळ बंद केलं, मऊ फडक्याने पुसलं आणि त्या बाईंच्या हातात दिलं. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘हे माझ्याच्यानं होणार नाही. दुसऱ्या कुणाला दाखवा.’

बाईंनी आभार मानले आणि त्या गेल्या. एवढंच झालं. पण बेचाळीस वर्षांत असा सरळ नकार मास्तरिणीने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि उरलेल्या अठरा घड्याळांकडे पाहत राहिले. मग तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

‘दे ते इकडे.’

तिने मशीन दिलं. ते त्यांनी आधी कानाशी नेलं, जुन्या सवयीने, जणू त्यातून टिकटिक येणार होती. मग नखाने बारीक बटणं दाबत त्याचं घड्याळ लावलं. एप्रिलचा ऑक्टोबर केला. तास, मग मिनिटं. भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत थांबले आणि काटा बाराला टेकताच शेवटचं बटण दाबलं. मग कप्प्यात बोट घातलं, आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की पट्टी नाही.

ती गेली. किल्लीवाल्याच्या दारात उभी राहून तिने नवऱ्याने वाटलेल्या, तिनेच विकत आणलेल्या पट्ट्यांतली एक पट्टी उसनी मागितली. याच्याइतकं अवघड काही तिने आयुष्यात मागितलं नव्हतं. किल्लीवाल्याने धावत जाऊन अख्खी डबी आणून दिली आणि म्हणाला, आई विचारत होती, दादांची कशी आहे.

‘बघते,’ ती म्हणाली.

घड्याळवाल्यांनी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत ते आकड्याकडे बघत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे तिला आता दिसलं. स्वयंपाकघरातही ते असेच बघत असणार, आणि ती आकड्याकडे बघत असणार.

तीनशे बारा.

काल काय खाल्लंत, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं. त्याच्यामागे बाकीची अठरा वाक्यं रांगेत उभी होती. तिचा चेहरा तिच्या ताब्यात राहिनासा झाला, हनुवटी आपोआप ताठ व्हायला लागली. तिने पाठ फिरवली. पिशवीच्या बंदात जुन्या सवयीने टोचून ठेवलेल्या टाचण्या होत्या. त्यातल्या चार तिने काढल्या आणि ओठांत धरल्या. मग ती परत वळली, वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि नव्या पानावरच्या पहिल्या चौकटीवर बोट टेकवलं.

त्यांनी तीन काढला. पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. तिने टाचण्या दातांत घट्ट धरल्या. त्यांनी एक काढला, मग दोन.

‘बोल ना काहीतरी,’ ते म्हणाले.

तिने तोंडाकडे बोट दाखवलं. ते हसले, तिला हसू आलं नाही. नव्वद दिवस, दिवसातून तीन वेळा. दोनशे सत्तर वेळा या टाचण्या. शिवाय ती आकडे डॉक्टरीणबाईंना खरे वाचून दाखवणार, त्या गोळ्या वाढवणार, हे त्याला हो म्हणणार, आणि आठच्या आत आकडा येईलच असं अजूनही कुणी सांगू शकत नव्हतं. आत्ताच तिचा जबडा दुखायला लागला होता.

तेवढ्यात फोटोवाल्याने दारातून डोकावून विचारलं, की चहा सांगतोय, घेणार ना. घड्याळवाल्यांचं तोंड उघडलं. तिने टाचण्यांमागून त्यांच्याकडे पाहिलं, मग निकराने नजर काढून भिंतीवर नेली. पन्नास घड्याळांत अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. ते काय म्हणतात ते ऐकत ती तशीच उभी राहिली.

‘बिनसाखरेचा,’ घड्याळवाले म्हणाले. आणि जरा वेळाने, ‘म्हणजे, जमत असेल तर.’